मापाची बाई

खांदा

"हात वर, मापताई."

मापताईने हात वर केले. मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून ते दातांतल्या दातांतच बोलायचे. ती लाकडी पेटीवर उभी होती. अंगात नव्या सीझनचा निळा झगा. शेजारच्या लांबलचक टेबलावर कापडाच्या थप्प्या कात्रीची वाट पाहत होत्या. नमुना पास झाला की आजच कापणी.

हा कारखाना जाड बायकांचे कपडे शिवायचा. पाटीवर अर्थातच तसं नव्हतं. पाटीवर 'भरदार सौंदर्य' असं होतं. त्या सौंदर्याचं सगळ्यांत मोठं माप म्हणजे ही बाई. नुसतं उभं राहणं, हीच तिची नोकरी. टेप मास्तरांच्या गळ्यात असायची, पण शोभेला. "टेपने शिवलेलं खांबाला बसतं, माणसाला नाही," असं त्यांचं मत. तिच्या अंगावर कापड टाचायचं, दोन पावलं मागे सरायचं, डोळे किलकिले करायचे आणि म्हणायचं, "बसलं." मग तिच्यावरून मापाचा कागद कापला जायचा आणि कागदावरून गावोगावचे झगे.

कंबर

कोपऱ्यात परत आलेल्या मालाचे गठ्ठे छताला टेकले होते. दुकानदारांचं एकच रडगाणं, घट्ट होतात. मालकीणबाईंना, म्हणजे मॅडमना, ते मान्य नव्हतं.

"माप तेच आहे. गिऱ्हाईक सुटलंय."

मॅडम स्वतःही हेच माप घालायच्या. फक्त लेबल कापून. हल्ली त्यांना प्रत्येक नवा झगा काखेत काचायचा. मग त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं, नंतर दुपारचं, आणि आता तर काकडीवर आल्या होत्या. आवाज चढला, डोळे खोल गेले. झगा मात्र सैल होईना.

दंड

इकडे मापताईचं वेगळंच चाललं होतं.

एकदा धाप लागली म्हणून ती कारखान्याच्या जिन्यातच बसली होती. वरून उतरणारे तिला ओलांडून गेले, वाटेतलं पोतं ओलांडावं तसे. त्या संध्याकाळी ती घरी चालत गेली. रागाने. दुसऱ्या दिवशी राग ओसरला, चालणं राहिलं. ताटातलं तळण गेलं, तिथे पालेभाजी आली. पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलून दंड घट्ट झाले. एका सकाळी ती वाकली आणि तिने स्वतःच्या चपलेचा पट्टा स्वतः लावला. आजवर तो लेक लावून द्यायची. लेक बघतच राहिली. "आई, किती बारीक झालीस गं!"

कारखान्यात कुणाच्याच लक्षात आलं नाही. एकदा 'जाडी' म्हणून खुंटीला टांगलं की त्या बाईकडे परत बघावं लागत नाही. आधी तिला वाईट वाटलं. मग तेच सोयीचं वाटलं. तिचं अंग आत गेलं तसं टाचलेलं कापडही त्यामागे आत जात होतं, आणि मास्तर दर वेळी म्हणत होते, "बसलं." तिला कळत होतं. पण बोलणार कशी? पगार तिच्या वजनाला होता.

छाती

दार धाडकन उघडलं. मॅडम. अंगात त्याच नमुन्याचा दुसरा निळा झगा, पाठीचे हुक उघडे, वर ओढणी घेऊन झाकलेले. त्यांनी पेटीवर नजर टाकली.

"हिला बसतो?" त्यांचा आवाज चिरकला. "हिला! आणि मला नाही?"

त्या परत आलेल्या मालाच्या, थप्पीवरून खाली पडलेल्या एका गठ्ठ्यावरच मटकन बसल्या.

"आठवडाभर काकडीवर आहे हो मास्तर. काकडीने फुगतं का कुणी?"

मापताईने पोट आत ओढलं. मग सोडून दिलं.

"मॅडम, तुम्ही होता तेवढ्याच आहात. मी बारीक झालेय."

गळा

मशीनं थांबली. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. तसं त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी गळ्यातली टेप काढून तिच्या कमरेभोवती गुंडाळली, आकड्याकडे पाहिलं आणि एखादी विटाळलेली वस्तू ठेवावी तशी हळूच खाली ठेवली.

मॅडमनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुला कुणी सांगितलं होतं गं हे उद्योग करायला?" मग त्या जरा गोड झाल्या. "हे बघ. महिनाभर खा. लोणी, साखर, काय हवं ते. खर्च माझा. परत भर."

वर्षापूर्वी तिने मान हलवली असती.

"नाही भरणार."

"मग नोकरी गेली समज."

"समजले," ती म्हणाली आणि कुणाच्याही खांद्याचा आधार न घेता टुणकन खाली उतरली. "पण कापणी आज आहे ना? मास्तर टाचणार कुणावर?"

मास्तरांनी खोलीभर नजर फिरवली. मशीनवरच्या पोरी म्हणजे नुसत्या काड्या. नजर फिरत फिरत गठ्ठ्यावर आली आणि तिथेच थांबली. दोन पावलं मागे सरून त्यांनी डोळे किलकिले केले.

मॅडमनी टेबलावरचं कापड पाहिलं. मग बुडाखालचा परत आलेला माल चाचपला. त्या उठल्या.

मापताईने पायाने पेटी पुढे सरकवली आणि त्यांना चढायला हात दिला. मास्तरांनी टाचण्या परत तोंडात घेतल्या. सवय ती सवय.

"हात वर, मापताई," ते मॅडमना म्हणाले.