सात रेघा

मंत्री येणार म्हणून छोट्या विमानतळाच्या साहेबानं हँगरचं जुनं दार निळ्या रंगानं चकाचक करून घेतलं आणि कौतुक ऐकायला निवृत्त मेकॅनिक मारोतरावांना धरमपेठेतून बोलावलं. महायुद्धात इथं वैमानिक घडायचे. पहिल्यांदा एकट्यानं उडण्याआधी पोरगा या दारावर गेरूची रेघ ओढायचा आणि उतरला की स्वतःच पुसायचा; दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. सात रेघा तशाच राहिल्या. मारोतरावांच्या बापानं आणि मागून त्यांनी त्या जिवापाड जपल्या होत्या. “कसं दिसतंय, काका?” साहेबानं टाय सावरत विचारलं. मारोतरावांनी त्या अकलेच्या कांद्याला नखशिखांत न्याहाळलं. “बहुतच हुशार निघाले तुम्ही. सात पोरं ऐंशी वर्षांत खाली नाही आले, त्यायले तुम्ही रंगाच्या एका डब्ब्यात उतरवलं.” “थँक्यू,” साहेब फुलला. मारोतरावांनी खिशातली किल्ली काढून नव्या रंगावर पहिली रेघ ओढली.