लेखक आपल्या भेटीला

"माझी जाहिरात बघून माणूस थांबला नाही, तर प्रकाशनाचा धंदा सोडून भाजी विकेन," नेदा म्हणाली.

लोमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत लेखक बोगोमिलकाका बसले होते. चहा समोर, दोन बोटं मनगटावर, नाडीवर. "थांबतात गं, पण आत येतात का? गेल्या कार्यक्रमाला तीन जण होते. त्यातला एक हीटर दुरुस्त करायला आलेला."

"आज बघाच. लोम म्हणजे तुमचं जन्मगाव."

नेदाने जाहिरातीत जीव ओतला होता. फोटो तिने निवडलेला, मजकूरही तिचाच : 'असा माणूस पुन्हा होणे नाही. शुक्रवारी सहा वाजता, वाचनालयात. सर्वांनी यावं.' राजधानीहून, सोफियाहून, तिने ती लोममधल्या एकुलत्या एक छापणाऱ्याला, पेन्योला, पाठवली. छापायची त्याने, चिकटवायचीही त्यानेच. आज गावात शिरताना काका गाडीत झोपलेले आणि नेदाचं सगळं लक्ष खड्ड्यांकडे.

ती पडद्याच्या फटीतून हॉलमध्ये डोकावली. हॉल गच्च. लोक भिंतीला टेकून उभे. तिला वाटलं, आता रडू येणार. मग दिसलं की पुढच्या रांगेतल्या बायका आधीच रडताहेत. सगळ्या काळ्या कपड्यांत. एकीच्या मांडीवर मयताला वाटतात त्या उकडलेल्या गव्हाचं ताट, वर पिठीसाखरेचा क्रूस. आणि प्रत्येकाच्या हातात फुलं. नेदाने एक गुच्छ मोजला. चार. शेजारचा मोजला. सहा.

सम संख्येत फुलं फक्त मेलेल्याला देतात, जिवंत माणसाला नेहमी विषम.

ती दाराकडे धावली. दाराशी पेन्यो टोपी काढून उभा होता. हातात उरलेल्या जाहिराती. जाड काळी चौकट, वर क्रूस, मधे हसरे काका.

"अरे मेल्या, हे काय करून ठेवलंस?"

"का? आमच्या शवपेट्यांच्या दुकानातल्या मशीनला मयताच्या पत्रकाचा हा एकच साचा आहे. बाई, एक खांब सोडला नाही बघा. त्यांच्या जुन्या घराच्या दारावर तर दोन लावल्या."

गेल्या वर्षी काकांचं हृदय एकदा बंद पडून पुन्हा चालू झालं होतं. डॉक्टरांनी नेदाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांच्याजवळ फुगासुद्धा फुटू देऊ नका. तेव्हापासून काका कुणाच्या मयताला जात नव्हते आणि कादंबरीतही कुणाला मारत नव्हते.

नेदा पुढच्या रांगेपाशी जाऊन कुजबुजली, "ऐका ना, ते जिवंत आहेत."

"आपल्या मनात राहणारच गं पोरी," गव्हाचं ताट धरलेली स्तोयना आजी डोळे पुसत म्हणाली.

"मनात नाही हो, मागच्या खोलीत! चहा पिताहेत!"

आजीने मांडीवरच्या ताटाकडे बघितलं.

"मग मी पहाटे उठून गहू कशाला शिजवला?"

"आजी, पाया पडते. त्यांनी हे बघितलं तर खरंच जातील."

"म्हणजे गहू वाया नाही जायचा," मागून कुणीतरी म्हणालं.

पण हसलं कुणी नाही. जिवंत माणसाला मारल्याचं पाप डोक्यावर कोण घेणार? भराभर मेणबत्त्या विझल्या. गहू खुर्चीखाली गेला. नगराध्यक्षांनी चार पानी भाषण खिशात कोंबलं. प्रत्येकाने गुच्छातलं एक फूल उपटलं. एका मास्तराने गडबडीत दोन उपटली, तशी बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

काका बाहेर आले. अख्खा हॉल श्वास रोखून त्यांच्या छातीकडे बघत होता. काकांची बोटं मनगटावर गेली.

"नेदा, हे लोक असे का बघताहेत?"

"प्रेमाने, काका. वाचा तुम्ही."

काका वाचायला लागले. ते खोकले, तर पुढची रांग अर्धी उठली. पाणी प्यायले, तर हॉलने आवंढा गिळला. पान उलटताना जरा थांबले, तर कुणीतरी "देवा" म्हणालं. असे श्रोते काकांना उभ्या जन्मात मिळाले नव्हते. हळूहळू त्यांची बोटं मनगटावरून सुटली. आवाज चढला, गाल लाल झाले. एवढे लाल बरे की वाईट, ते नेदाला कळेना.

वाचन संपलं तशी स्तोयना आजी उठली आणि तिने फुलं काकांच्या हातात ठेवली. काकांनी ती मोजली. नेदाने डोळे मिटले.

"पाच," काका म्हणाले. "वा! नेदा, आपण दर महिन्याला येऊ इथे."

तेवढ्यात दार उघडलं. पलीकडच्या गावातलं मयत उरकून पाद्री धावतपळत आला होता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. उशीर झाल्यामुळे त्याने इकडेतिकडे न बघता धुपाटणं हलवत प्रार्थना सुरू केली. सवयीने सगळा हॉल उभा राहिला. काकाही मान खाली घालून उभे राहिले. या प्रार्थनेत मृताचं नाव दुसऱ्या ओळीत येतं. 'बोगोमिल' हे नाव आलं, तेव्हा काका मनगटावर बोटं ठेवत खाली बसले.