दहाचा राऊंड

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की मांडीच्या ऑपरेशनची पट्टी चार दिवसांनीच बदलायची, भिजली तरच आधी. उगाच उघडून बघायची नाही. पण बाबांनी चाळीस वर्षं इस्पितळात मलमपट्टीचंच काम केलेलं, आणि आताशा त्यांचं मन त्या जुन्या वॉर्डातच फिरत असायचं. सकाळी दहाचं, वॉर्डातल्या पट्ट्या बदलायच्या वेळेचं ऊन पडद्यातून पलंगावर उतरलं की त्यांचे हात आपोआप स्वतःची पट्टी सोडायला लागत.

दोनदा जखम चिघळता चिघळता राहिली. शेवटी लेकीने आपल्या धडधाकट मनगटाला पट्टी गुंडाळली आणि बरोबर दहाला त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"माझी तेवढी बघता का?"

बाबा खुलले. "बसा ताई," ते म्हणाले, जणू तिला पहिल्यांदाच बघत होते. झोपलेल्या कुणाला जाग येऊ नये अशा बेताने त्यांनी एकेक वेढा सोडवला. मांडीचा त्यांना पार विसर पडला. शेवटचा वेढा सुटला. पट्टीखाली साधा ओरखडासुद्धा नव्हता.

बाबा बराच वेळ त्या कोऱ्या कातडीवरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी नवी पट्टी उचलली.

"वरून काही दिसत नाही. पण दुखतंय ना?"

नाही म्हणायचं तिच्या मनात होतं, तोंडून हो निघून गेलं.

"मग ही रोज बदलावी लागेल," ते म्हणाले. "उद्या ये, पोरी."