हललेला फोटो

"सगळे हललेत," कॅमेऱ्यामागच्या स्क्रीनवर एकेक फोटो सरकवत बायको म्हणाली.

"दीड वर्षाचं मूल, पायाला भिंगरी. हलणारच की," तिचा फोटोग्राफर नवरा म्हणाला. "ही लेन्सच तशी आहे. पोरगी पाऊलभर पुढे आली तरी धूसर येते. परत घेऊ."

बागेत ऊन उतरत आलं होतं. त्यांची लेक चिमणी गवतावरून दुडूदुडू धावत आईकडे यायची आणि ती पडू नये म्हणून तिच्यामागून स्टुडिओतली सहायक वाकून चालायची. दर वेळी कॅमेरा खटखटायचा. दर वेळी चिमणीचे नाकडोळे पुसल्यासारखे यायचे आणि मागे सहायकेची पापणी न् पापणी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ.

"दादा, मी बाजूला होऊ का?" सहायकेनं विचारलं.

"नको, नको. आहेस तिथेच राहा." तो जरा घाईनंच म्हणाला.

दादा म्हणे. बायकोचा नुसता जळफळाट झाला. लग्नाचे फोटो काढण्यातली एक युक्ती त्यानंच तिला कधीतरी कौतुकानं सांगितली होती. नवरीचा चेहरा कॅमेऱ्याला आधी ओळखवून ठेवायचा. मग हॉलभर पाहुणे आडवे आले तरी कॅमेरा तिलाच स्पष्ट धरतो. आज इथे कुणाचं लग्न नव्हतं.

तिनं चिमणीला गवतावर बसवलं आणि तिच्या हातात चेंडू दिला.

"आता आम्हा दोघींचा काढ. हिचा नि माझा."

"आत्ता? ऊन चाललंय गं. आधी चिमणीचे तरी..."

"एकच काढ."

सहायक ओशाळून म्हणाली, "वहिनी, तुम्ही पुढे उभ्या राहा," आणि स्वतः तिच्या खांद्यामागे सरकली. बायकोनं मान ताठ केली. हात घट्ट धरून ठेवले. श्वाससुद्धा रोखला. तिची नजर नवऱ्यावर नव्हतीच, ती त्या काळ्या भिंगात बघत होती. एवढ्या एका वेळेला मला धर, ती मनात म्हणत होती. मला धर.

कॅमेऱ्याचा खटका वाजला. त्यानं बघायच्या आत तिनं तो त्याच्या हातून काढून घेतला.

सहायकेच्या कानातला बारीक खडासुद्धा चमकत होता. पुढे, बायकोच्या स्वतःच्या ओढणीत, धुक्यात उभी असावी तशी कोणीतरी बाई.

फोटोग्राफर वाकून बघायला आला. बघितलं आणि जिभेवर तयारच असलेलं वाक्य सवयीनं बाहेर पडलं.

"हलला वाटतं."

"मी हलले नव्हते," बायको म्हणाली.