बिनकामाची वस्तू

रिकामे डबे, डबे हरवलेली झाकणं आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे यांनी घर इतकं भरलं होतं, की शिंपीकाका स्वयंपाकघरात खेकड्यासारखे तिरके जात. परगावच्या बहिणीने फोनवर बजावलं, "दादा, हा आळस नाही, आजार आहे. मनाच्या डॉक्टरांकडे जा, नाहीतर मी ट्रक पाठवते."

ट्रकच्या धाकाने काका गेले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ट्रकने घर रिकामं होतं, आजार तिथंच राहतो. वर्षभरात एकदाही कामी न आलेली एकच वस्तू पुढच्या सोमवारी आणा. कुठली, ते तुम्हीच ठरवायचं."

काकांनी आठवडाभर घर पालथं घातलं. मोडक्या छत्रीने जळमटं निघाली होती, झाकणांत सुया होत्या, वर्तमानपत्रांवर तर ते स्वतःच झोपत होते. एकजात सगळं घर कामसू निघालं.

सोमवारी मात्र त्यांनी वायर नीट गुंडाळलेली एक वस्तू पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.



"दारावरची बेल आहे," काका म्हणाले. "बिघडलेली नाही, बरं का."