गुरुवारची दातदुखी

एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी कॅरिसचा दात हमखास दुखायचा. कार्डिफच्या एका मासिकात ती बिनपगारी उमेदवारी करत होती. बेकारी भत्त्याची सही करायला सटकायचं, तर तेवढंच निमित्त होतं.

"अगं, तो डॉक्टर दात उपटतोय की नवे पेरतोय?" संपादक नेरिसबाई हसल्या. "जाताना सगळ्यांचा चहा तेवढा करून जा."

भत्त्याच्या कचेरीत आज टेबलामागे नवीनच बाई होत्या.

"कुठे काम करत नाहीस ना? फुकटसुद्धा?"

"छे! दिवसभर घरी बसून नोकरी शोधते."

"मग कर सही."

कॅरिसनं झोकात सही ठोकली. कागद हळूच ओढून घेत बाईंनी मायेनं विचारलं, "नेरिस माझी धाकटी बहीण. आणि दात कसा आहे गं आता?"