दुपारी दमणारा प्रिंटर

सूनबाईचा तो बिनवायरचा प्रिंटर रोज जेवणं उरकली की ऑफलाइन जायचा. पार्सलांवर चिकटवायचे पत्ते निघेनात, की सगळं काम ठप्प. सातवा महिना, पाय सुजून टम्म झालेले. पण "जरा पड" म्हटलं की "मी ठीक आहे, आई" हे ठरलेलं. प्रिंटरच बसला की मग नाइलाजाने आडवी व्हायची.

मेकॅनिक आला. उलटासुलटा करून म्हणाला, "आजी, मशीन ठणठणीत आहे."

"मग बाबा, तुझं डोकं तपासून घे एकदा."

तो गेल्यावर सूनबाईने विचारलं, "आई, याला दुपारीच काय होतं हो?"

"मला काय विचारतेस? मी चौथी नापास. तू पड जा, तोवर येईल तो शुद्धीवर."

काल माझी जाऊ आली. तिची गाऱ्हाणी ऐकता ऐकता दुपार कधी कलली, कळलंच नाही. सूनबाई कमरेवर हात ठेवून दारात आली आणि हळूच म्हणाली,

"आई, आज वायफायचं बटण बंद करायचं राहिलं का? फार दमलेय हो मी."